वऱ्हाडातील टेकू

अमरावतीच्या जुन्या परकोटापासून दोन-तीन कोसांवर, जिथे पूर्वी पऱ्हाटीची वावरे होती तिथे आता प्लॉट पडले आहेत, आणि त्या प्लॉटांवर जी घरे उभी राहत आहेत त्यांत देवघराइतक्याच अगत्याने मोटारघराचीही जागा राखलेली असते. अलीकडे तर काही हौशी मालक, ज्यांना आपल्या गाडीचे तेल आपणच बदलावे आणि ब्रेक आपणच पाहावेत अशी आवड आहे, ते या मोटारघरात गाडी उचलणारी लिफ्ट बसवण्याचा बेत करू लागले आहेत. अकोल्याकडेही तोच प्रकार. या खरेदीत पहिली पृच्छा किमतीची होते, दुसरी टनांची, आणि वर गेलेली गाडी तिथे कशाच्या आधाराने राहते ही पृच्छा बहुधा होतच नाही. ज्या मुलखात गेली दीडशे वर्षे जड वस्तू उचलण्याचा आणि दाबण्याचा उद्योग अहोरात्र चालला, त्या मुलखाने हाच प्रश्न विसरावा याचे मला नवल वाटते. कारण उचलणे हे एक काम आणि उचललेले धरून ठेवणे हे दुसरे, ही गोष्ट वऱ्हाडातल्या बंडीवाल्याला, प्रेसमधल्या मजुराला आणि मोटारीच्या मिस्त्रीला आपापल्या परीने पक्की ठाऊक होती.

लोहमार्ग येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरकडे जाई. अंतर सुमारे ५०० मैल. १८४२ साली अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने एकट्याने एक लाख बैलांचा कापूस कलकत्त्याच्या वाटेला लावला असे सांगत असत. आकडा सांगणाऱ्याच्या उत्साहाने थोडा फुगला असेल, पण पेठेची ऐपत त्यावरून ध्यानात येते. पुढे रस्ते झाले, तांडे मागे पडले आणि कापसाचा भार बंडीवर आला.

बंडीचे चाक वंगणासाठी कसे काढीत, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. बैल सोडून जू खाली टेकवायचे, पलीकडच्या चाकाला पुढून-मागून दगड लावायचे, मग एकाने आखाखाली पहार घालून तिच्या दुसऱ्या टोकावर सगळे अंग टाकायचे, आणि आख चार बोटे वर आला की दुसऱ्याने बाभळीचा ओंडका त्याखाली सरकवायचा. पहारीवरचा माणूस हळूहळू भार सोडी. आख ओंडक्यावर बसला, लाकूड एकदा करकरले आणि गप्प झाले, अशी दोघांचीही खात्री पटली म्हणजे मगच आखाच्या टोकाची खीळ ठोकून काढीत, चाक अर्धे बाहेर ओढीत आणि एरंडेलात भिजवलेली चिंधी आखावर फिरवीत. नुसत्या पहारीने तोललेल्या बंडीखाली हात घालणाऱ्याला शहाणी माणसे दोन शिव्या देत, आणि त्या योग्यच असत. पहारीचे काम उचलण्याचे. तेवढे झाले की ती बाजूला ठेवायची वस्तू होती. भार राही तो ओंडक्यावर.

१८५३ च्या तहनाम्याने निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. त्यानंतर दहा वर्षे होत नाहीत तोच अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, आणि १८६१ ते १८६५ या चार वर्षांत पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीला एकाएकी जगाच्या बाजारात मान मिळाला. जी. आय. पी. रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा या मार्गाने १८६७ साली नागपुरास पोहोचली. मुख्य मार्ग अमरावती आणि खामगाव या दोन्ही पेठा चुकवून गेला होता, म्हणून बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला फाटे काढावे लागले. खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात मोडत असे. तिथला फाटा आणि कापूस-बाजार यांचे उद्घाटन करायला खुद्द गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो १८७० साली आला होता. एका तालुक्याच्या गावी साम्राज्याचा इतका मोठा अधिकारी यावा, हा मान त्या गावाचा नसून कापसाचा होता, हे तिथल्या रयतेलाही कळले असेल.

पण आगगाडीने एक नवीनच अडचण उभी केली. सैल कापसाने डबा तेव्हाच भरतो आणि वजन मात्र भरत नाही. मुंबईहून पुढे जहाजात तर जागेचेच भाडे. तेव्हा कापूस दाबून त्याची घट्ट गठाण बांधणे भाग झाले, आणि रेल्वेच्या रुळांलगत वाफेवर चालणारे जीन आणि प्रेस उभे राहू लागले. अकोला, अमरावती, खामगाव, मूर्तिजापूर, कारंजा, धामणगाव, कोणतेही नाव घ्या. स्टेशनाबाहेर पडताच विटांची उंच चिमणी आणि पत्र्याचे लांबलचक छप्पर दिसावयाचेच. ज्या तत्त्वावर आज मोटारीची लिफ्ट चालते ते तत्त्व वऱ्हाडात पहिल्याने शिरले ते या छपराखाली, मोटारीचे नाव कोणी ऐकण्याच्या कितीतरी आधी.

ते तत्त्व सतराव्या शतकातील फ्रेंच पंडित पास्कल याचे. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. म्हणून एक चौरस सेंटिमीटर तोंडाच्या नळीत २० किलोचा भार दिला आणि तिला जोडलेल्या दुसऱ्या नळीचे तोंड ५० चौरस सेंटिमीटर असले, तर तिथे १,००० किलोचा भार उचलला जातो. फुकट मात्र काहीच मिळत नाही. लहान दट्ट्या ५० सेंटिमीटर खाली जावा तेव्हा मोठा एक सेंटिमीटर वर येणार. या विचाराचे यंत्र केले ते जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने, आणि त्याचे पेटंट १७९५ सालचे. ब्रामाची सारी विद्या सुरुवातीला एका क्षुल्लक जागी अडत होती: दट्ट्या आणि नळी यांच्यामधल्या फटीतून पाणी झिरपे आणि दाब नाहीसा होई. तिथे चामड्याची वाटीसारखी चकती बसवण्याची युक्ती त्याच्या हाताखालच्या हेन्री मॉडस्ले याने काढली असे मानतात. दाब जितका वाढेल तितकी ती चकती नळीला अधिक चिकटते. द्रवाच्या बळावर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राचे दुबळे स्थान आजही तेच आहे. फक्त चामड्याच्या जागी रबर आले.

प्रेसमध्ये जे घडे ते असे. जमिनीखाली उतरलेल्या लाकडी पेटीत रुई टाकून माणसे ती पायांनी तुडवीत, पुन्हा टाकीत, पुन्हा तुडवीत. छातीत रुईचे तंतू जाऊन खोकला लागे, आणि त्याची दाद घेणारे कोणी नसे. पेटी ठासून भरली की वाफेच्या पंपाने पाण्याचा दाब सोडीत, खालून जाडजूड दट्ट्या पेटीचा तळ उचलून धरी आणि रुई वरच्या अचल लोखंडी माथ्याशी चेपली जाई. दट्ट्या वर असतानाच पेटीची दारे उघडून मजूर माथ्याच्या आणि तळाच्या खाचांतून लोखंडी पट्ट्या ओवीत आणि त्यांची तोंडे एकमेकांत अडकवीत. मग पाणी सोडून देत. दट्ट्या खाली बसे, गठाण फुगू पाही, पट्ट्या ताणल्या जात आणि ३९२ रत्तलांचा तो गठ्ठा जसाच्या तसा राही. अशा दोन गठाणींची एक खंडी, ७८४ रत्तलांची. या साऱ्या व्यवहारात दाबाचे आयुष्य घटका दोन घटकांचे होते. लिव्हरपूलपर्यंत जी गठाण आवळलेली राही ती पट्ट्यांच्या जोरावर, आणि पट्टी कुजकी निघाली तर ब्रामाची सारी करामत वाया. प्रेसचा मिस्त्री पंपाकडे पाहण्याआधी पट्ट्यांकडे पाही, याचे कारण हे.

प्रेसच्या पायाचा प्रश्न मात्र निराळा, आणि तो शुद्ध वऱ्हाडी आहे. इथली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात वाळून अशी फाटते की भेगेत आख्खा हात जावा. एकाच वर्षात वर येणाऱ्या आणि खाली बसणाऱ्या अशा जमिनीवर ठेवलेली भिंतही तडकते, मग शेकडो मण लोखंडाची काय कथा? म्हणून जुने गवंडी काळी काढून मुरूम लागेपर्यंत खणीत आणि तिथून पाया उचलीत. पूर्णेच्या काठाकडे तर मुरूम इतका खोल की खणता खणता माणूस थकावा. आणि त्याच पट्ट्यातील खारे पाणी लोखंडाला व सिमेंटला दोहोंना मारक. पुढे, स्वातंत्र्यानंतर, रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशा जमिनीसाठी खाली फुगीर बुंधा असलेल्या खांबांचा पाया प्रचारात आणला. परंतु घरच्या मोटारघराला इतका खर्च कोण करतो?

वजनाच्या बाबतीत सरकार वऱ्हाडात लवकर जागे झाले, ते काट्यापुरते. कारंजा येथील कापूस-बाजार १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने नियंत्रणाखाली आला. हिंदुस्थानातील हा पहिला नियंत्रित बाजार. त्यामागोमाग १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला, आणि जीन-प्रेसचा अखिल भारतीय कायदा १९२५ साली. अडत्याच्या तराजूवर, मापाऱ्याच्या हातावर, गठाणीवरच्या शिक्क्यावर अंमलदारांची नजर बसली. रुई तुडवणाऱ्याच्या छातीपर्यंत ती नजर पोहोचायला फार वर्षे गेली.

पहिल्या महायुद्धानंतर मुफसलात मोटारी, लॉऱ्या आणि खाजगी मालकांच्या बसगाड्या फिरू लागल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या ट्रकांची त्यांत भर पडली. दुरुस्तीचा धंदा अंगावर घेतला तो लोहारांनी, सुतारांनी आणि ज्यांचे हात जीन-प्रेसच्या यंत्रांवर तयार झाले होते अशा फिटरांनी. गाडी उचलण्याऐवजी माणसानेच खाली उतरावे हा त्यांचा पहिला तोडगा: जमिनीत छाती-एवढा खड्डा, बाजूंना विटांचे बांधकाम, वर सागवानी फळ्या. एस. टी. च्या आगारांत तो खड्डा आजही आहे, आणि तो निव्वळ मागासलेपणा नव्हे. गाडी आपल्याच चाकांवर उभी असते, मग पडणार कशी? त्याचे दोष दुसरे आहेत. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे खड्ड्याच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीने भडकते. आणि काळ्या मातीत खणलेला खड्डा आषाढात आपोआप विहीर होतो.

चाक काढायचे तर जॅक लागे. प्रारंभी तो आट्यांचा, पुढे तेलाचा. हातात नेता येईल असा तेलाचा जॅक न्यू यॉर्कच्या रिचर्ड डजन याने १८५१ साली पेटंट केला होता, आणि तो म्हणजे खामगावच्या प्रेसचा धाकटा भाऊच. या जॅकबरोबर गॅरेजात आली घोडी, म्हणजे तीन किंवा चार पायांचा लोखंडी टेकू. जुना मिस्त्री पोऱ्याला पाना धरायला शिकवण्याआधी घोडी लावायला शिकवी. जॅकने गाडी वर घ्यायची, चासीखाली घोडी ठेवायची, जॅक सैल करून भार घोडीवर उतरवायचा, गाडीला दोन्ही हातांनी एक हिसका द्यायचा आणि ती हलली नाही तरच पाठ जमिनीला टेकवायची. घोडी नसेल तर सागाचे ठोकळे. विटा कधीही नाहीत, कारण वीट फुटताना आगाऊ सूचना देत नाही. बाभळीच्या ओंडक्याची ही लोखंडी आवृत्ती ज्या गॅरेजात कोपऱ्यात गंजत पडलेली दिसते, त्या गॅरेजात मी तरी माझी गाडी देणार नाही.

खरी लिफ्ट आली अमेरिकेतून. टेनेसीतील मेम्फिस येथे पीटर लुनाटी नावाच्या मेकॅनिकने न्हाव्याच्या खुर्चीवरून कल्पना उचलली असे म्हणतात, आणि १९२५ साली त्याचा लिफ्टचा कारखाना सुरू झाला: जमिनीत पुरलेला एकच जाड दट्ट्या आणि त्याच्या माथ्यावर गाडी. आपल्याकडे सर्व्हिस स्टेशनवर गाडी धुण्यासाठी जो खांब वर येतो तो याच घराण्यातला. त्यात कॉम्प्रेसरची हवा तेलावर दाब देते आणि तेल गाडीला उचलते. अमरावती-अकोल्याच्या मध्यमवर्गाने ॲम्बेसेडर आणि फियाट यांचे पोट पहिल्याने पाहिले ते या खांबांवर. हल्लीच्या दोन खांबांच्या, चार खांबांच्या आणि कात्रीसारख्या उघडणाऱ्या लिफ्टा त्यानंतरच्या.

या सर्वांत भार धरण्याची कल्पना ज्याने लोकांच्या डोळ्यांत भरवली तो एलिशा ओटिस. न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात १८५४ साली तो स्वतः पाळण्यावर उभा राहिला, वर टांगलेला दोर त्याने सर्वांसमक्ष तोडवला, आणि पाळणा थोडासा घसरून दातेरी पट्ट्यांत अडकला. त्या दातांना उचलण्याचे कसलेच काम नव्हते. मोटारीच्या चांगल्या लिफ्टमध्ये खांबाच्या आत अशाच दातेरी पट्ट्या व खटके असतात. गाडी वर जाताना खटका एकेका दातावर टक टक वाजतो, आणि हव्या त्या उंचीच्या किंचित वर नेऊन गाडी दातावर उतरवली म्हणजे तेल मोकळे होते आणि भार पोलादावर जातो. हे न करता नुसत्या तेलावर तोललेल्या गाडीखाली उभे राहणे म्हणजे पहारीवरच्या बंडीखाली हात घालणे होय. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंश ओलांडतो, पत्र्याखाली तो आणखी चढतो. त्या तापात रबरी सील लवकर कडक होते आणि गाडी रात्रीतून दोन बोटे खाली आलेली दिसते. ती खूण मिळाली की सील बदलावे. वाट पाहू नये.

आट्यांवर चालणाऱ्या लिफ्टमध्ये तेल नसते, पण तिथेही हाच न्याय. भार वाहणाऱ्या नटाखाली दुसरा एक नट असतो, त्याच्यावर काहीच भार नसतो, आणि तो वरच्याच्या मागोमाग रिकामाच फिरतो. दोहोंमधले अंतर कमी होऊ लागले म्हणजे वरचा नट झिजला. तो गेलाच तर खालचा धरील. वर्षानुवर्षे काही न करणाऱ्या या नटाचे पैसे मोजताना गिऱ्हाइकाच्या जिवावर येते, हे मी पाहिले आहे.

टनांविषयी लोक विनाकारण घाबरतात. जुनी मारुती ८०० साडेसहाशे किलोंची, मोठी स्कॉर्पिओ पावणेदोन-दोन टनांची. बाजारातील साडेतीन-चार टनांच्या लिफ्टला हा भार जड नाही. अपघात होतो तो बहुधा भार एका अंगाला गेल्यामुळे: इंजिन पुढे, डिकीत सामान, आणि बाहू चासीऐवजी पत्र्याच्या कडेला लागलेले. म्हणून चाके जमिनीपासून वीतभर उचलली की तिथेच थांबून गाडी हलवून पाहावी. घोडीच्या जमान्यातला तो हिसका इथेही चालतो. दुसरी अडचण छताची. गाडीखाली ताठ उभे राहायचे तर बाहू पावणेदोन मीटर वर हवेत, गाडीची उंची दीड मीटर धरा; १० फुटी छताच्या पोर्चमध्ये ते बसत नाही, आणि तिथे कमरेएवढी उचलणारी कात्री-लिफ्टच बरी.

आणि पुन्हा जमीन. दोन खांबांची लिफ्ट केवळ फरशीत ठोकलेल्या अँकर बोल्टांवर उभी असते. तिला साधारणतः चार ते सहा इंच जाडीचे चांगले काँक्रीट लागते, तेही ओतल्यापासून २८ दिवस पाण्यावर ठेवून मुरलेले. शहाबादी फरशीखाली दोन इंच कोबा आणि त्याखाली काळी माती, अशा मोटारघरात ती बसवणे हा आत्मघात आहे. काळी काढून मुरूम भरावा, तो पाणी मारून चोपावा, वर सळयांचा स्लॅब टाकावा, आणि तो घराच्या कॉलमपासून सुटा ठेवावा म्हणजे जमीन फुगली तरी दोहोंचे भांडण होणार नाही. इतका खटाटोप नको असेल तर चार खांबांची लिफ्ट घ्यावी. ती आपल्या पायांवर उभी राहते आणि फरशीकडून कमी मागते.

कायद्याची मदत इथे नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे कारखान्यातील लिफ्टची तपासणी सहा महिन्यांतून एकदा आणि उचलयंत्रे व साखळ्यांची बारा महिन्यांतून एकदा जाणत्या माणसाकडून व्हावी लागे. पण आपले मोटारघर कारखाना नव्हे, आणि तिथे कोणी इन्स्पेक्टर दाखला मागायला येत नाही. युरोपातील ईएन १४९३ हे मानक किंवा अमेरिकेतील एएलआय या संस्थेची मोहोर यंत्रावर असली तर उत्तम, मात्र ती नुसत्या माहितीपत्रकावर छापलेली असून भागत नाही. यंत्राच्या पाटीवर पाहावी. वर्षातून एकदा तपासणी आपली आपणच करवावी आणि तिची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

खरेदीला जाल तेव्हा विक्रेत्याला लिफ्टवर गाडी घालून ती वर न्यायला सांगा. मग ती खटक्यांवर उतरवायला लावा, वीज बंद करायला लावा, तेलाची झडप सैल करायला लावा, आणि दोन्ही खांबांतले खटके एकाच दातावर बसले आहेत की नाहीत हे स्वतः वाकून पाहा. वीज गेली असता गाडी खाली कशी आणायची, हेही त्याच वेळी हाताने करून घ्या. भारनियमन भोगलेल्या वऱ्हाडी माणसाला याचे कारण सांगायला नको. विक्रेता यातले काही करून दाखवायला का कू करू लागला, तर बयाणा न देता परत या.